तुमचा ब्राउझर तपासत आहोत

बायको थंडीच्या शेवटी गेली. पण तिचा आवाजही गेला, हे फिटरला कळलं ते पुढे बऱ्याच दिवसांनी, एका मंगळवारी संध्याकाळी, चहाचा कप हातात असताना.

नेहमीसारखा तो तिच्या टेबलापाशी बसला होता. खालचा बाण दाबत दाबत क्लबच्या नावापाशी आला आणि त्याने एंटर मारलं. एरवी इथे सासूबाई म्हणायच्या, "या. नवीन निरोप आहेत." त्या दिवशी त्या म्हणाल्या, "तुमचा ब्राउझर तपासत आहोत. कृपया थांबा."

तो थांबला. चहा संपवला. कप विसळून पालथा घातला आणि परत येऊन बसला. सासूबाई म्हणाल्या, "पुढे जाण्यासाठी जावास्क्रिप्ट सुरू करा." त्यापुढे अक्षर नाही. त्याने मागे जाऊन पुन्हा एंटर मारलं. पुन्हा तेच. दिवे लागेपर्यंत तो तेवढंच करत राहिला.

सासूबाई म्हणजे मशिनमधला वाचून दाखवणारा आवाज. हे नाव त्यानेच ठेवलं होतं, कारण ती बाई सदान्‌कदा सूचना करायची आणि तिला उलट उत्तर देता यायचं नाही. बायकोला ते नाव पसंत नव्हतं. ती म्हणायची, माझी सासू एवढं गोड कधीच बोलली नाही.

बायको आधी शिलाईच्या कारखान्यात काज-बटणाला होती. पन्नाशीच्या अलीकडेच नजर मंद होत गेली, मग काठाकाठाने काळोख आला, मग मधोमध. सगळं संपल्यावर एका संस्थेने तिला हे मशिन दिलं. त्यात तिच्या सोयीचा ब्राउझर होता. चित्र नाही, रंग नाही, माऊस नाही. काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी, आणि सासूबाई त्या एकेक करून वाचणार. डोळसाला ते बघून कंटाळा यावा असं होतं, पण तिला त्याच्यासारखं दुसरं काही नव्हतं. नव्या ब्राउझरवर ती एकदा बसली होती. तासभर घाम गाळून शेवटी म्हणाली, हे म्हणजे अनोळखी लग्नात शिरल्यासारखं आहे, सगळेच एकदम बोलतात.

त्यातूनच तिला क्लब सापडला. उतारवयात नजर गेलेली माणसं तिथे एकमेकांना कामं शिकवत. लिहून नाही, बोलून. कुणी कांदा कसा चिरायचा ते सांगे, कुणी दाढी कशी करायची ते. बायकोने शिवण शिकवलं. आपल्या आवाजात भरून ठेवलं आणि क्लबावर चढवलं.

ती गेल्यावर फिटर रोज संध्याकाळी त्यातलं एकच ऐकायचा. सुईत दोरा ओवण्याचं. शिवणाशी त्याला काही देणंघेणं नव्हतं. पंपाच्या कारखान्यात जन्म गेला, निवृत्तीनंतरही मागच्या खोलीत लोकांचे पंप उघडून बसायचा. त्या रेकॉर्डिंगच्या मध्यावर तीच ठोकाठोक ऐकू येते. बायको म्हणत असते, दोऱ्याचं टोक जिभेवर ठेवा, आणि मागे ठण्‌ ठण्‌. मग ती थांबते.

"अहो, जरा थांबवा की ते. माणसं ऐकतायत."

"कोण ऐकतंय?" हा त्याचा आवाज, लांबून.

"आहेत. तुम्हाला दिसत नाहीत."

आणि ती हसते. मग परत दोऱ्याकडे वळते. ते कापून टाकायला हवं होतं, पण तिला कापता येत नव्हतं, किंवा कापावंसं वाटलं नाही. फिटरला रोज तेवढंच हवं असायचं. आपल्याला कुणीतरी गप्प बस म्हणतंय, एवढंच.

तिचा दुसरा आवाज कुठेच नव्हता. लेकीला ती फोनवर निरोप पाठवायची, पण लेकीचा फोन भरला की लेक जुने निरोप पुसून टाकायची. कुणालाच त्यात वावगं वाटलं नव्हतं. आई उद्या पुन्हा बोलणारच होती.

फिटरची एक समजूत होती, आणि ती त्याने कुणाला विचारून पारखली नव्हती. त्याला वाटायचं, आवाज मशिनच्या पोटात आहे. टेपमध्ये असायचा तसा. म्हणून ती गेल्यापासून त्याने मशिनला जीव लावला होता. टेबलाच्या पायांखाली लाकडी ठोकळे घातले होते, नळ फुटला तर पाणी लागू नये म्हणून. रेग्झिनचं आवरण शिवून घेतलं होतं. मेहुणी म्हणाली होती, भावोजी, एवढी काळजी ताईची घेतली असती तर ती अजून दहा वर्षं राहिली असती. मेहुणीची जीभ तशीच होती. त्या रात्री तो जेवला नाही.

मंगळवारनंतर त्याने आपल्या पद्धतीने शोध घेतला. पंप बंद पडला की आधी वीज बघायची, मग वायर, मग वाल्व. घोडं कुठे पेंड खातंय ते एकेक सोडवत जायचं. त्याने मशिन बंद केलं, प्लग काढला, पुसून पुन्हा लावला. एवढ्या वर्षांत त्याची वीज पहिल्यांदाच पुरती तोडली गेली होती. सुरू झाल्यावर क्लब तर सोडाच, हवामानाचं पानसुद्धा उघडेना. सासूबाई म्हणाल्या, "या जागेच्या सुरक्षेची खात्री पटत नाही. प्रमाणपत्र अजून लागू झालेलं नाही."

त्याला वाटलं, होतं ते आपणच मोडलं. त्याने लेकीला फोन लावला. लेक दुसऱ्या गावी एका छापखान्यात संगणकावर पानं लावते. तिने विचारलं, मशिन तारीख काय दाखवतंय? त्याने भिंग धरून पाहिलं. मशिनचं घड्याळ पार मागे गेलं होतं, लेक शाळेत असतानाच्या सालात. मशिनच्या मते अजून बायकोला दिसत होतं.

लेक म्हणाली, आतला घड्याळाचा सेल संपलाय. तारीख चुकली की सुरक्षेची प्रमाणपत्रंही चुकीची वाटतात, त्यांना मुदत असते. हे त्याला चटकन समजलं. त्याने मशिन उघडलं, बटणाएवढा सेल बदलला, तारीख बसवली. हवामानाचं पान उघडलं. त्याला इतका आनंद झाला की उद्या ऊन पडणार आहे हे त्याने शेजारी जाऊन सांगितलं. मग क्लबच्या नावावर एंटर मारलं.

"तुमचा ब्राउझर तपासत आहोत. कृपया थांबा."

रविवारी लेक स्वतः आली. म्हणाली, फोनवर बसून उंटावरून शेळ्या हाकण्यात अर्थ नाही. ती आईच्या खुर्चीत बसली नाही, स्वयंपाकघरातलं स्टूल ओढून घेतलं. बराच वेळ तिने नुसतं वाचलं. मग तिने सांगितलं ते असं. क्लबावर रोबोटांचा हल्ला होतो. माणसं नव्हेत, प्रोग्रॅम. दारं ठोठावतात, कचरा टाकतात, चोऱ्या करतात. म्हणून क्लबाने दारावर भाड्याचा पहारेकरी बसवलाय. तो येणाऱ्याच्या ब्राउझरला एक बारकं कोडं घालतो. नवे ब्राउझर ते न बोलता सोडवतात, माणसाला कळतही नाही. पण त्यासाठी जावास्क्रिप्ट लागतं, आणि आईच्या ब्राउझरमध्ये ते नाहीच.

"मग बसव," फिटर म्हणाला.

"यात बसत नाही, बाबा."

"बसत नाही म्हणजे काय? जागा नाही, का आटे जुळत नाहीत?"

"आटेच नाहीत. हा नुसती अक्षरं वाचायला केलेला आहे. म्हणून तर आईला चालायचा."

तेव्हाच त्याने विचारलं, की दारावर काहीही असू दे, पण आवाज मशिनमध्ये आहे ना, तो आतल्या आत का वाजत नाही. लेकीने स्टूल त्याच्याजवळ सरकवलं. मग हळू आवाजात म्हणाली की मशिनमध्ये काहीच नाही. कधीच नव्हतं. दर वेळी तो क्लबाकडून यायचा, वाजायचा आणि पुसला जायचा. एकदा जरी उतरवून घेतला असता तर एका बटणाचं काम होतं.

फिटर ठोकळ्यांकडे बघत बसला. लेकीने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. त्याने तो काढला नाही, धरलाही नाही.

मग लेकीने एक युक्ती काढली. प्रत्येक ब्राउझर दारात आपलं नाव सांगतो. आपण आईच्या ब्राउझरला दुसऱ्याचं नाव सांगायला लावू. फिटरला ते पटेना. खोटं नाव सांगून आत शिरायचं आणि पकडलं तर? लेक म्हणाली, ब्राउझरला कोण तुरुंगात टाकतंय. तिने नाव बदललं आणि चार-सहा वेळा दार वाजवलं. पहारेकऱ्याने पहिल्या खेपेलाच ओळखलं असणार, कारण नाव नव्याचं आणि चाल जुन्याची. थोड्या वेळाने सासूबाई म्हणाल्या, "प्रवेश नाकारला आहे." त्यानंतर लेकीच्या स्वतःच्या लॅपटॉपवरही तेच आलं. संशय आता ब्राउझरवर राहिला नव्हता, या घराच्या जोडणीवरच बसला होता.

"चोर सोडून संन्याशाला सुळी," मेहुणी म्हणाली. ती मघाशीच आली होती, फिटर जेवतो का ते बघायला, आणि दारात उभी राहून सगळं ऐकत होती.

लेकीने लॅपटॉप आपल्या मोबाईलच्या नेटवर घेतला. तिथे पहारेकरी नमला, पण जाता जाता चौकट दाखवली, मी रोबोट नाही, आणि खाली छोटी चित्रं. ज्यात सिग्नलचे दिवे आहेत ती निवडा. मेहुणी पुढे वाकली. तिने विचारलं, हा क्लब डोळे गेलेल्यांचाच ना? लेक म्हणाली, हो. मेहुणीने पडद्यावरची चित्रं पुन्हा एकदा पाहिली. मग म्हणाली, "ताई असती तर तिलाही हाकललं असतं, मग."

लेकीने दिवे निवडले. दार उघडलं. आत प्रवेशाची खूण मागितली. आईचा पासवर्ड.

तो कुणालाच माहीत नव्हता. बायको बोटांनी मारायची, तोंडाने कधी म्हणाली नाही. आणि गेली काही वर्षं तिला तो मारावाही लागत नव्हता, कारण क्लब त्या मशिनला ओळखायचा. लेकीने ते समजावलं. एकदा आत घेतलं की क्लब ब्राउझरकडे एक शिक्का देऊन ठेवतो. पुढच्या वेळी तो दाखवला की पासवर्ड विचारत नाहीत. आईचा शिक्का अजून त्या जुन्या मशिनमध्ये आहे. तो इथून उचलून माझ्या लॅपटॉपमध्ये ठेवला तर पहारेकऱ्यालाही पार करता येईल आणि आत आई म्हणून जाता येईल.

"जुना तिथेच राहील ना?" फिटरने विचारलं.

"राहील. ही नुसती नक्कल."

फिटरने विचार केला. किल्लीची नक्कल काढली म्हणून मूळ किल्ली झिजत नाही, हे त्याला आयुष्यभर ठाऊक होतं. कारखान्याच्या कोठारातल्या किल्ल्यांच्या नकला त्यानेच कानस मारून केल्या होत्या. तो म्हणाला, कर.

लेकीने शिक्का उतरवून घेतला, लॅपटॉपमध्ये ठेवला आणि दार वाजवलं. क्षणभर पान उघडल्यासारखं झालं. बायकोचं नाव वर दिसलं. खाली तिच्या रेकॉर्डिंगची यादी यायला लागली. फिटरला त्यातलं "सुई" एवढंच वाचता आलं. मग सगळं पान पांढरं झालं आणि एक ओळ आली. वेगळ्या जागेवरून, वेगळ्या ब्राउझरने प्रवेशाचा प्रयत्न झाला आहे. तुमच्या सुरक्षेसाठी खातं सगळीकडून बंद केलं आहे. पुन्हा प्रवेश करा.

लेकीने जुन्या मशिनमधला शिक्का पाहिला. तो होता तिथेच होता, पण आता क्लब त्याला ओळखत नव्हता. नक्कल काढल्याने मूळ किल्ली मोडली होती.

लेकीचा चेहरा लहानपणी काचेचं भांडं फोडल्यावर व्हायचा तसा झाला होता. फिटरला तिला म्हणायचं होतं की मीच कर म्हणालो. पण ते म्हणायचं राहूनच गेलं. मेहुणीने चहा टाकला. तो कुणी प्यायला नाही.

त्यानंतर एकच वाट उरली होती. पासवर्ड विसरला असं सांगायचं. क्लब नवा पासवर्ड बायकोच्या मेलवर पाठवणार होता. मेल उघडायला गेलं तर मेलवाले म्हणाले, तुमच्या मोबाईलवर एक कोड पाठवतो, तो सांगा. मोबाईल नंबर बायकोचा होता.

तो नंबर फिटरने बंद केला होता. ती गेल्यावर महिना-दोन महिने त्यावर फोन येत राहिले. कुणाला ब्लाऊजचं माप द्यायचं असे, कुणाला काही विकायचं असे. दर वेळी त्याला सांगावं लागे की ती नाही. कुठे गेल्या आहेत, असं विचारलं की तो फोन ठेवून द्यायचा. एक दिवस तो दुकानात गेला आणि नंबर परत करून आला. सुटल्यासारखं वाटलं होतं.

लेकीने क्लबाच्या व्यवस्थापकाचा पत्ता खणून काढला आणि सगळी हकिकत लिहून पाठवली. मृत्यूच्या दाखल्याची प्रत जोडली. मग स्वतःच सभासद होऊन आत जावं, प्रसंगी खोटं बोलून, असंही तिने ठरवलं. फिटर म्हणाला, बोल खोटं. पण रोबोटांमुळे नवे सभासद घेणं बंद होतं. नियमांच्या पानावर तिला आणखी एक गोष्ट सापडली. ती तिने जाताना, चपला घालता घालता सांगितली, कारण समोर बसून सांगता आली नसती. वर्षभर जो सभासद आत येत नाही त्याचं खातं पुसलं जातं. रेकॉर्डिंगसकट. आपोआप. फिटर इतके दिवस रोज आत जायचा म्हणून क्लबाच्या लेखी बायको जिवंत होती. आता ती येईनाशी झाली होती.

बायकोचा जुना नंबर लावून बघायचं मेहुणीच्या डोक्यात आलं. दुपारची वेळ होती. ती म्हणाली, दुकानवाले नंबर असा वाळत टाकत नाहीत, दुसऱ्याला देतात. लावून तर बघा. नाही म्हणाला तर आपलं काय जातंय. फिटरची बोटं आकड्यांवर न बघता फिरली. फोनच्या पडद्यावर बायकोचंच नाव आलं. पलीकडे घंटा वाजली आणि एका पुरुषाने उचलला. मागे रस्त्याचा गोंगाट होता. घरोघर सामान पोचवणारा होता तो, हे नंतर कळलं.

फिटरने जमेल तसं सांगितलं. हा नंबर माझ्या बायकोचा होता. ती वारली. तुमच्या फोनवर एक कोड येईल, तेवढा मला सांगा, माझं मोठं काम आहे.

"काका, कोड मागणारा प्रत्येक जण कुणीतरी वारलंय असंच सांगतो."

"मी खरं सांगतोय."

"तेही सगळे म्हणतात. माझ्या भावाने परवा असाच एक कोड दिला. खातं साफ झालं त्याचं."

फिटर गोंधळला. त्याने विचारलं, की तुम्हाला माझ्या बायकोसाठी फोन येत असतील ना, शिवणाबद्दल विचारणारे?

"येतात," तो माणूस म्हणाला. "अजून येतात. मी राँग नंबर सांगतो."

"तीच ती. ती माझी बायको."

"असेल हो. पण तुम्ही तिचे नवरे कशावरून?"

फिटरकडे सांगण्यासारखं पुष्कळ होतं. तिच्या उजव्या अंगठ्यावर सुईचे ठिपके होते, ती चहात साखर आधी घालायची, पायऱ्या उतरताना त्याचं कोपर धरायची, हात नव्हे. यातलं काहीच त्या माणसाला पारखता येणार नव्हतं. मेहुणीने फोन ओढून घेतला आणि त्याला दोन शब्द सुनावले, माणुसकी आहे की नाही विचारलं. त्यामुळे होतं तेही बिघडलं. तरी तो माणूस वाईट नव्हता. शेवटी म्हणाला, भावाला विचारतो आणि सांगतो. आणि फोन ठेवला.

दोन दिवस त्याचा फोन आला नाही. तिसऱ्या दिवशी फिटरने लावला तर घंटाच वाजेना. लेक म्हणाली, त्याने आपल्याला अडवून ठेवलंय, बाबा. दुसऱ्या फोनवरून लावू या का? फिटर नको म्हणाला. दुसऱ्या नंबरवरून लावलं की आपण त्याला आणखीच चोर वाटू. वेगळं नाव सांगून दार वाजवलं की काय होतं ते त्याने पाहिलं होतं.

आता तो संध्याकाळी टेबलापाशी बसत नाही. मागच्या खोलीत पंप उघडतो, ठोकतो, पुन्हा ठोकतो. घरात त्याला थांब म्हणणारं कुणी नाही, म्हणून शेजाऱ्यांना भिंत वाजवावी लागते. भिंत वाजली की तो हातोडी खाली ठेवतो आणि बराच वेळ तसाच बसतो.

थंडी संपत आली आहे. क्लबाच्या व्यवस्थापकाचं उत्तर आलेलं नाही. त्या सामान पोचवणाऱ्याला भेटून समजवायचं राहिलं आहे, कारण तो कुठे राहतो ते माहीत नाही. रेकॉर्डिंग उतरवून घेतलेलं नाही.